नकाशात न मावणारा ओर्दा

११ नोव्हेंबर १४४४. आदल्याच दिवशी काळ्या समुद्राच्या काठी वार्ना इथे ऑटोमन सुलतान मुराद दुसरा याने ख्रिस्ती फौजेचा धुव्वा उडवला आहे आणि पोलंड-हंगेरीचा वीस वर्षांचा राजा व्लादिस्लाव रणांगणावरच पडला आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ या संगणकीय खेळाची चौथी आवृत्ती या तारखेला सुरू होते. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने ती २०१३ मध्ये बाजारात आणली. समोर सगळ्या जगाचा नकाशा असतो. त्यातले कुठलेही राज्य आपले म्हणायचे आणि १८२१ सालच्या आरंभापर्यंत ते चालवायचे, असा हा डाव. बहुतेक खेळाडू ऑटोमन, फ्रान्स किंवा कॅस्टील घेतात. मी गेली काही वर्षे पुन्हापुन्हा घेतो तो महाओर्दा: व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातले, चंगीझखानाच्या नातवाने उभारलेल्या साम्राज्याचे उरलेसुरले खोड.

खेळाविषयी संशोधन विभागात काय लिहायचे, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की खेळाचे नियम हा इतिहासाविषयीचा एक सिद्धान्तच असतो. ग्रंथकाराला ‘कदाचित’, ‘बहुधा’ असे शब्द वापरून पळवाट ठेवता येते. नियम लिहिणाऱ्याला ती सोय नाही. भटक्यांचे राज्य का मोडते, याचे उत्तर त्याला आकड्यातच द्यावे लागते. आणि आजच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांपैकी कित्येकांच्या कानावर कझान, नोगाई, ओइरात ही नावे पहिल्यांदा पडतात ती अशा खेळातून. पाठ्यपुस्तकात ती नसतातच. तेव्हा हा सिद्धान्त तपासून पाहायला हवा.

आधी नावाविषयी. तुर्की-मंगोल भाषांतल्या ‘ओर्दू’चा अर्थ खानाचा तळ, त्याच्या तंबूभोवतीची छावणी. इंग्रजीत त्याचे झाले ‘होर्ड’, म्हणजे अंगावर चालून येणारी झुंड. आपल्याकडे तोच शब्द दिल्लीच्या शाही छावणीतल्या भाषेला चिकटला आणि ‘उर्दू’ झाला. एकाच शब्दाचे एकीकडे रानटी टोळधाड आणि दुसरीकडे गझलेची भाषा असे दोन अर्थ व्हावेत, ही मौजच आहे. आणखी एक शब्द त्याच वाटेने आला. जिंकलेल्या मुलखावर मंगोल जो अंमलदार नेमत तो ‘दरुगा’; फारसीतून फिरत तो आपल्या दप्तरांत ‘दरोगा’ होऊन बसला. ज्यांच्या कारभारातले शब्द दक्षिणेपर्यंत पोचले त्यांना कारभारच नव्हता, असे समजणे अवघड आहे.

खेळ नेमके तेच समजतो. २०१५ च्या ‘द कोसॅक्स’ या पुरवणीपासून स्टेपवरच्या राज्यांना एक वेगळा आकडा मिळाला: ओर्द्याची एकजूट. हा आकडा दरवर्षी आपोआप घसरतो. तो वर न्यायचा तर शेजाऱ्याचा मुलूख लुटायचा आणि जिंकलेला प्रांत उद्ध्वस्त करायचा. एकजूट घसरली की प्रांतोप्रांती असंतोष माजतो आणि बंडखोरांच्या फौजा उगवतात. थोडक्यात, युद्ध थांबले की राज्य आतून कुजू लागते. सपाट मैदानावर घोडदळ शत्रूला अक्षरशः तुडवते. डोंगरात तेच घोडदळ लंगडे पडते. मॉस्को बलाढ्य व्हायच्या आत तिच्यावर तुटून पडायचे, हे महाओर्दा घेणारा प्रत्येक खेळाडू दोन-तीन डावांत शिकतो. मी तर पहिली दहा वर्षे सलग लढण्यातच काढतो. खजिना रिकामा, कर्ज डोक्यावर, जिंकलेल्या प्रांतांत बंडाळी, आणि बंड मोडायला फौज वळवावी तर दुसऱ्या सरहद्दीवर नोगाई उभे. धाप लागावी असा हा खेळ आहे, आणि त्यात सत्याचा अंश नाही असे नाही.

‘एकजूट’ म्हणताच इतिहासाच्या वाचकाला इब्न खल्दूनची ‘असबिया’ आठवेल. वाळवंटातल्या टोळ्यांना एकत्र बांधणारा जिव्हाळा त्यांना राज्य मिळवून देतो आणि शहरातल्या सुखात तीन-चार पिढ्यांत विरून जातो, असे त्याने १३७७ च्या सुमारास ‘मुकद्दिमा’त मांडले. पुढे १४०१ च्या जानेवारीत दमास्कसच्या वेशीबाहेर तो खुद्द तैमूरला भेटला. पण इब्न खल्दूनच्या मांडणीत लूट हे एकजुटीचे औषध नाही. एकजूट रक्तात, सहवासात आणि हालअपेष्टांत असते. लूट हे तिचे फळ. खेळ बनवणाऱ्यांनी कारण आणि कार्य यांची अदलाबदल केली आहे, आणि त्यामुळे ओर्दा म्हणजे जाळपोळ केल्याशिवाय जगू न शकणारे एक यंत्र झाले आहे.

प्रत्यक्षातला ओर्दा जगत होता तो व्यापारावर आणि खंडणीवर. व्होल्गाच्या अख्तुबा फाट्यावर वसवलेले सराई शहर १३३० च्या दशकात इब्न बतूताने पाहिले. घोड्यावरून ते ओलांडायला अर्धा दिवस गेला, आणि मंगोल, किपचाक, रशियन, बायझंटाईन अशा अनेकांच्या वेगवेगळ्या पेठा तिथे होत्या, असे तो सांगतो. रशियन राजांकडून येणारी खंडणी सुरुवातीला खानाचेच अंमलदार गोळा करत. पुढे ते काम रशियन राजांवरच सोपवले गेले आणि त्या मक्त्यातूनच मॉस्को गबर झाली. चौथाई-सरदेशमुखीचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ज्या गायीचे दूध काढायचे तिला मारून कसे चालेल? खंडणी घेणाऱ्याला खंडणी देणारा जगवावाच लागतो.

हे तंत्र मोडले ते टोळ्यांच्या आळशीपणामुळे नव्हे. १३९५ च्या एप्रिलमध्ये तेरेक नदीवर तैमूरने तोख्तामिश खानाचा पराभव केला आणि मग एकेक करून अझोव, अस्त्राखान, सराई ही व्यापारी शहरे उद्ध्वस्त केली. चीन आणि मध्य आशियातून काळ्या समुद्राकडे जाणारा काफिल्यांचा रस्ता यानंतर पूर्वीसारखा चाललाच नाही. १४४४ साली खेळाडूच्या हाती येणारा ओर्दा हा मुळात अर्धशतकापूर्वी दिवाळे निघालेल्या पेढीचा वारस आहे.

दुसरे दुखणे गादीचे. खान होण्याचा हक्क फक्त चंगीझच्या रक्ताला. तोख्तामिशनंतर वीसेक वर्षे ओर्द्याचा खरा सूत्रधार होता मांगित टोळीचा एदिगू. १४०८ मध्ये त्याने मॉस्कोला वेढा घालून खंडणी वसूल केली. पण तो कधीही खान झाला नाही, त्याने खान नेमले आणि काढले. तैमूरही आयुष्यभर अमीर आणि चंगीझच्या घराण्याचा जावई एवढेच मिरवत राहिला. पूर्वेला ओइरातांच्या एसेनने १४४९ मध्ये तूमू इथे चीनचा मिंग सम्राट जिवंत पकडला. एवढा पराक्रम केलेल्या या माणसाने १४५३ मध्ये स्वतःला खान म्हणवून घेतले आणि दोनेक वर्षांत तो स्वकीयांच्याच हातून मारला गेला. छत्रपती आणि पेशवे यांच्यातले नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना एदिगूची अडचण लगेच कळेल. फरक असा की साताऱ्याची गादी एकच होती (कोल्हापूरचा वाद जमेस धरूनही), तर स्टेपवर चंगीझचे वंशज शेकड्यांनी होते. कुठल्याही नाराज बेगाला त्याच्या मर्जीचा एक खान सहज मिळे.

आता मॉस्कोकडे पाहू. खेळात मॉस्कोचे रशियात रूपांतर होणे इतके ठरलेले असते की दहापैकी नऊ डावांत ते घडतेच. पण १४४४ च्या नोव्हेंबरात उभे राहून पुढे पाहिले तर काय दिसत होते? अवघ्या आठ महिन्यांनी, १४४५ च्या जुलैत, सुझदालजवळ उलुग मुहम्मदच्या मुलांनी मॉस्कोचा राजा वासिली दुसरा याला जिवंत पकडले. हा उलुग मुहम्मद खुद्द ओर्द्याच्या गादीवरून हाकललेला खान. त्याच्याच घराण्याने पुढे कझानची खानशाही चालवली. वासिली प्रचंड खंडणी कबूल करून सुटला. घरी परतल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या चुलतभावाने त्याचे डोळे काढले. एक आंधळा राजा, घरात भाऊबंदकी, डोक्यावर कर्ज: उद्याचे साम्राज्य या जागी आहे, असे त्या वेळी कोणी शहाण्याने म्हटले नसते. नकाशावरच्या आकड्यांनी मात्र निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाने गणित मांडावे, तसे हे आहे.

ओर्द्याचा शेवट कुठे झाला, असे विचारले तर शालेय रशियन इतिहास १४८० च्या शरद ऋतूतल्या उग्रा नदीकडे बोट दाखवतो. तिथे काय झाले? अहमद खान एका काठावर, इवान तिसऱ्याची फौज दुसऱ्या काठावर. उतारांवर चकमकी झाल्या, बाण आणि तोफा चालल्या, मोठी लढाई झालीच नाही. अहमद पोलंड-लिथुआनियाचा राजा कॅसिमिर याची वाट पाहत होता. कॅसिमिर आला नाही, कारण इवानचा दोस्त आणि अहमदचा हाडवैरी, क्रिमियाचा खान मेंगली गिराय, त्याच्या पोडोलिया प्रांतावर चालून गेला होता. इकडे इवानचेही सगळे आलबेल नव्हते. त्याचे दोन सख्खे भाऊ त्या वर्षी बंड करून उठले होते. ऐन वेळी त्यांच्याशी समेट झाला. थंडी पडली, नदी गोठली, दोन्ही फौजा मागे सरकल्या. अहमदने परततांना कॅसिमिरची गावे लुटून राग काढला. पुढच्या जानेवारीत सैबेरियाचा खान इबाक आणि नोगाई यांनी त्याच्या हिवाळी तळावर छापा घालून त्याला ठार केले. म्हणजे ज्याला रशियन ग्रंथ ‘जोखडातून मुक्ती’ म्हणतात, त्यातले निर्णायक हात क्रिमियन आणि नोगाई, थोडक्यात ओर्द्याच्याच भाऊबंदांचे होते. आणि मुक्तीचे म्हणाल तर मॉस्को क्रिमियाच्या खानाला ‘भेटी’ पाठवत राहिली. ते देणे कायमचे बंद झाले १७०० सालच्या इस्तंबूलच्या तहाने, पीटर दि ग्रेटच्या काळात.

खरा शेवट १५०२ चा. अहमदच्या मुलांत गादीवरून भांडणे चालली होती. कुरणे आक्रसली होती: दक्षिणेला आणि पश्चिमेला क्रिमिया, पूर्वेला नोगाई. दुष्काळ आणि कडाक्याच्या हिवाळ्याने गुरे मेली. शेख अहमद लिथुआनियाच्या अलेक्झांडरच्या भरवशावर सगळा ओर्दा घेऊन नीपर नदीकडे सरकला आणि तिथेच १५०१ चा हिवाळा काढला. अलेक्झांडरची फौज आली नाही; त्याला त्याच सुमारास पोलंडचा मुकुट मिळाला होता. उपासमारीने कंटाळलेली कुटुंबे एकेक करून तंबू उचलून मेंगली गिरायकडे निघून गेली. उन्हाळ्यात मेंगली चालून आला तेव्हा लढायला फारसे कोणी उरलेच नव्हते. त्याने ओर्द्याची माणसे आणि गुरे क्रिमियात नेली आणि महाओर्द्याच्या खानाची पदवी स्वतःला लावून घेतली. शेख अहमद आसरा मागायला लिथुआनियात गेला. ज्याच्यासाठी त्याने सर्वस्व पणाला लावले त्याच दोस्ताने त्याला नजरकैदेत ठेवले. क्रिमियाशी सौदा करताना दाखवायला हुकमाचे पान म्हणून. तो सुटला १५२७ मध्ये.

हे सगळे खेळाच्या भाषेत लिहून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मेंगली गिरायने जमीन जिंकली नाही, माणसे जिंकली. व्होल्गाकाठची कुरणे त्याने सोडून दिली. खेळात मात्र जिंकायला फक्त प्रांत असतात. प्रांताला कर, उत्पादन, मनुष्यबळ असे आकडे आणि ते जमिनीला खिळ्याने ठोकल्यासारखे पक्के. प्रांतातली माणसे उठून शेजारच्या खानाकडे गेली, असे या नकाशावर घडतच नाही.

बंड या शब्दाचा अर्थही त्यामुळे बदलतो. खेळातले बंडखोर एखाद्या प्रांतात फौज होऊन उगवतात, ठाणे काबीज करतात, मागण्या मांडतात. हे शेतकऱ्यांच्या, किल्लेदारांच्या, जमीनदारांच्या बंडाचे चित्र आहे. जायला दुसरी जागा नसलेल्या माणसाचे बंड. स्टेपवर रागावलेला माणूस तलवार उपसण्याआधी तंबू उपसतो. १४५७ मध्ये सिग्नाकजवळ ओइरातांनी उझबेकांच्या अबुल खैर खानाचा पराभव केला. त्याची पत गेली. त्यानंतरच्या वर्षांत जानीबेक आणि केरे हे दोन राजपुत्र आपापली माणसे घेऊन निघाले आणि पूर्वेला मोगलिस्तानच्या सरहद्दीवर, चू नदीच्या खोऱ्यात जाऊन राहिले. तिथल्या खानाने त्यांना आनंदाने जागा दिली. १४६८ मध्ये अबुल खैर मरण पावला तसे आणखी लोक त्यांच्याकडे गेले. त्यांची संख्या दोन लाखांवर पोचली, असे मिर्झा हैदर दुघलात सांगतो. संख्येवर विश्वास ठेवावा की नाही हा वेगळा प्रश्न. ओघ मोठा होता एवढे त्यातून कळते. या निघून गेलेल्यांना लोक ‘कझाक’ म्हणू लागले, म्हणजे फुटून निघालेला, मोकळा फिरस्ता. फारसी-उर्दूत ‘कज्जाक’ला लुटारू हा अर्थ चिकटला तो शब्दाचा पुढचा प्रवास. एका अख्ख्या राष्ट्राचे नाव ‘सोडून गेलेले’ असावे, याहून बंडाची बोलकी नोंद कुठे मिळणार?

या निघून जाण्याचे धागे थेट आपल्यापर्यंत येतात. अबुल खैरचा नातू मुहम्मद शैबानी याने पुढे आजोबांचे विखुरलेले लोक गोळा केले, पण उत्तरेची कुरणे आता कझाकांची होती. तो दक्षिणेला वळला, समरकंद घेतले आणि १५०१ मध्ये तिथून ज्या अठरा वर्षांच्या तैमुरी राजपुत्राला हुसकावले त्याचे नाव बाबर. १५०४ मध्ये बाबर काबूलला पोचला, १५२६ मध्ये पानिपतला. स्वतःच्या त्या वणवणीच्या काळाला बाबर ‘कझाकी’ म्हणतो. आणि कझाकांची ही हकिगत लिहून ठेवणारा मिर्झा हैदर हा त्याचाच मावसभाऊ. त्याने ‘तारीख-इ-रशीदी’ लिहिली ती काश्मीरवर राज्य करत असताना. चू नदीवरच्या त्या स्थलांतराची सर्वात महत्त्वाची साक्ष अशी श्रीनगरच्या खोऱ्यात शब्दबद्ध झाली.

माणसे हलतात हे खेळ बनवणाऱ्यांना सुचलेच नसेल, असे म्हणावे तर तेही खरे नाही. याच खेळात उत्तर अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींना एक प्रांत सोडून दुसऱ्यात जाण्याची मुभा आहे. ‘टोटल वॉर: अटिला’ या दुसऱ्या एका खेळात हूणांना जमीनच नसते, फौज जिथे तळ देईल तिथे त्यांचे गाव. पॅराडॉक्सच्याच ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये भटक्या राजाचे बळ त्याच्या लोकसंख्येवर मोजण्याची पद्धत होती. म्हणजे साधने हाताशी होती. १४४४ नंतरच्या काळाचा विषय निघाला की मात्र राज्य म्हणजे रंगवलेली जमीन, ही युरोपीय कल्पना एवढी पक्की बसते की स्टेपलाही तिच्याच चौकटीत कोंबले जाते. कुठल्याही मुद्दाम केलेल्या बदनामीपेक्षा मला हे अधिक गंभीर वाटते. बदनामी खोडून काढता येते. नियमात मुरलेली गृहीतके खेळणाऱ्याच्या हातात जातात, डोक्यापर्यंत येतच नाहीत.

कधीकधी माझा डाव अठराव्या शतकापर्यंत टिकतो. तेव्हा मी नकाशावर व्होल्गाच्या मुखाशी जाऊन थांबतो, कारण तिथे १७७१ मध्ये जे घडले ते या खेळात कुणालाच घडवता येणार नाही. १६३० च्या दशकापासून तिथे काल्मिक राहत होते, ओइरातांचीच पश्चिमेला आलेली शाखा. रशियाचे वसाहतवाले त्यांची कुरणे नांगरत होते, तुर्कांशी चाललेल्या युद्धासाठी घोडेस्वारांची मागणी थांबत नव्हती, खानाच्या अधिकारांवर अंकुश आला होता. जानेवारीत उबाशी खान दीड लाखाहून अधिक माणसे, बायकामुले आणि गुरे घेऊन पूर्वेला, पूर्वजांच्या प्रदेशाकडे निघाला. त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठलीच नाही. पश्चिम काठावरच्या कुटुंबांना नदी ओलांडता आली नाही. ती मागेच राहिली. गेलेल्यांवर कझाकांनी वाटेत हल्ले केले, थंडी, तहान आणि रोगराईने बाकीचे केले. निम्म्याहून कमी लोक इली नदीच्या खोऱ्यात पोचले. चिंग सम्राट छ्येनलुंगने उबाशीचे चंगदच्या उन्हाळी राजवाड्यात स्वागत केले आणि या आगमनाचे शिलालेख कोरवले. इकडे कॅथरीनने त्याच वर्षी काल्मिकांची खानशाही बरखास्त केली.

आलेल्यांना द्यायला सम्राटाकडे कुरणे भरपूर होती. तिथे पूर्वी राहणारे जुंगार, काल्मिकांचेच रक्ताचे भाऊबंद, १७५५ ते १७५९ या चार-पाच वर्षांत त्याच्या फौजांनी आणि देवीच्या साथीने जवळजवळ नाहीसे केले होते.